कडू पेला



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'कडू पेला' एवढे दोनच शब्द कळविले. पाडवा नुकताच होऊन गेलेला, तेव्हा हा गृहस्थ कडुलिंबाच्या रसावर बोलेल असा त्यांचा समज झाला असावा. पुढच्या रांगेत दोन वैद्य बसलेले दिसतात ते त्यामुळेच. त्यांची निराशा होणार आहे. आम्ही बोलणार आहोत ते बियरवर, आणि तेही ऐकीव नव्हे, आम्ही स्वतः चाखलेल्या एका बियरवर.

मागल्या बाजूस बसलेल्या काही भगिनींच्या भुवया वर गेल्या, त्या येथून दिसल्या. त्यांचा राग रास्त आहे. दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून 'आडवी बाटली'च्या मतदानाला जो माणूस तुमच्याबरोबर घरोघर हिंडला, तोच आज या व्यासपीठावरून पेल्याची गोष्ट सांगतो, हे विचित्र खरेच. म्हणून कबुली आधी देतो आणि मग बोलावयास लागतो. अर्धा पेला घेतला. गेल्या वर्षी, पुण्यास, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कायद्याप्रमाणे एक दिवसाचा परवाना काढून. पुष्कळांना ठाऊक नसते, पण १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यान्वये आपल्या राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. तो बहुतेक कोणी काढत नाही. आम्ही काढला, कारण कागद नीट ठेवण्याची सवय युनियनच्या कामाने लागली आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते रोलिंग मिलच्या रात्रपाळीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा रसायनशास्त्राचे काही सांगताना आमची जीभ अडखळली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमचे वडील मोंढ्यात हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती. संध्याकाळी मोंढ्याच्या मागच्या बोळात एक झोपडी होती, तिथे ते उभ्याउभ्या घेत. आम्ही त्यांना बोलवायला जात असू म्हणून ते सारे डोळ्यांपुढे आहे. जिभेवर मीठ ठेवायचे, नाक दाबायचे, पेला एका दमात रिता करायचा आणि बाहीने तोंड पुसायचे. फार तर दहा सेकंदांचे काम. लहानपणी आम्ही एकदा विचारले होते, "बाबा, कशी लागते?" ते म्हणाले, "लागत नाही रे. उतरते." ज्या वस्तूपायी आमच्या आईची जोडवी गेली, घरातला पितळी हंडा गेला, तिची चव त्या माणसाने जन्मभरात कधी घेतली नाही. हे वाक्य आज आम्ही सहज बोलून गेलो. पण ते लक्षात यायला आम्हांला चाळीस वर्षे आणि तो अर्धा पेला लागला.

आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि पुण्यास अशा एका ठिकाणी कामाला लागला, जिथे बियर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, लहान प्रमाणावर तयार करतात. तिला क्राफ्ट बियर म्हणतात. आम्ही कामगार संघटनांच्या बैठकीला गेलो होतो, तर हा मुलगा भेटायला आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षे दारूवर भाषणे करता. एकदा चाखून तर बघा." आम्ही त्याला चार शब्द सुनावले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुम्हीच सांगता ना, यंत्र पाहिल्याशिवाय मागणीपत्र लिहू नये म्हणून?"

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलगा आमच्याच सभांमधून मोठा झालेला, त्याचा हा परिणाम.

त्याने प्रथम भांडी दाखविली. बियरला चार वस्तू लागतात: पाणी, सातू, हॉप्स आणि यीस्ट. सातू म्हणजे खरा सातू, ज्याला जव म्हणतात तो. आपण उन्हाळ्यात सातूचे पीठ म्हणून जे कालवतो त्यात गहू आणि डाळेच असते, सातू नावापुरताच. या जवाला मोड आणून वाळवितात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या भगिनींना हे सांगावयास नको. दाण्याला मोड आला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. ते गरम पाण्यात भिजवून गोड काढा करावयाचा, उकळावयाचा, निववावयाचा, आणि त्यात यीस्ट सोडावयाचे. यीस्ट ती साखर खाते आणि मद्यार्क व वायू मागे ठेवते. हातभट्टीत पुढे आंबवण उकळून त्याची वाफ धरतात. बियरमध्ये ती पायरी नाही. म्हणून दहापैकी नऊ भागांहून अधिक ते पाणीच राहते. या पाण्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

राहिले हॉप्स. ही एक वेल आहे, दोरावर चढत तीनचार पुरुष उंच जाते. भांगेच्या कुळातली, पण हिच्यात तशी नशा नाही. मादी वेलीला हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडे धरतात. खवल्यांच्या मुळाशी पिवळी भुकटी असते. मुलाने एक बोंड आमच्या तळहातावर चोळले. आधी गवताचा, मग राळेचा, आणि मग स्पष्टपणे मोसंबीच्या सालीचा वास आला. तास दीड तास उकळले की हिच्यातून कडवटपणा उतरतो. शेवटी टाकले, किंवा थंड झाल्यावर भिजत घातले, तर कडूपणा फारसा न येता सुगंध येतो. शिवाय हॉप्समुळे बियर लवकर नासत नाही. हा गुण बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डगार्ड नावाच्या एका संन्यासिनीने लिहून ठेवला आहे. आपल्या देशात ही वेल हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होते, कारण तिला थंडी लागते आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. आपल्याकडे लावाल तर वाया जाईल. वैद्यांनी कृपया प्रयत्न करू नये.

मग त्याने पेला आणला. पोटाशी फुगीर, तोंडाशी किंचित आवळलेला, खाली दांडी. आत केशरी पिवळे, जरासे गढूळ पेय आणि वर दोन बोटे फेस, धार काढल्याबरोबर चरवीत असतो तसा. आम्ही उचलायला गेलो तर म्हणाला, "थांबा काका, गारवा थोडा उतरू द्या. बर्फासारख्या गार वस्तूला चव नसते, जीभ बधिर होते." म्हणजे आपल्या बारमध्ये ती तशी गारढोण का देतात याचाही उलगडा झाला.

पाच मिनिटांनी वास घेतला. पुन्हा मोसंबी, आपल्या जिल्ह्यातला माणूस हा वास झोपेतही ओळखील. तिच्या मागे पिकलेले केळे, आणि केळ्याच्या मागे लवंग. आम्ही विचारले, यात लवंग टाकली काय? तो म्हणाला, लवंगही नाही आणि केळेही नाही. हे सारे त्या बेल्जियमच्या यीस्टचे काम. जात वेगळी असली की तेच धान्य आंबवताना ते असे वास सोडते. मग घोट घेतला. पहिल्याने गोडसर, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग कडवटपणा आला. कारले जिभेवर येऊन आदळते; हा घशाकडून मागे परतून येतो आणि मेथीची भाजी खाल्ल्यावर राहतो तसा कितीतरी वेळ राहतो. शेवटी तोंड अगदी कोरडे पडते, म्हणून माणूस दुसऱ्या घोटाकडे वळतो. तिथेच धोका आहे हेही आमच्या ध्यानात आले. पेय साडेसहा टक्क्यांचे होते, आणि गोडी व सुगंध यांच्या आड ते टक्के दिसत नाहीत.

आम्हांला घड्याळ पाहण्याची खोड आहे. मिलमध्ये पाळीचा हिशेब ठेवून लागलेली. अर्ध्या पेल्याला आम्हांला चाळीस मिनिटे लागली होती. बाबांचे दहा सेकंद आठवले. उरलेला अर्धा पेला आम्ही तसाच ठेवला.

आता तो मुलगा म्हणाला ही बेल्जियम पद्धतीची आहे, पण हॉप्स मात्र त्यात इंडियाचे. आम्ही म्हटले, इंडियात हॉप्स कुठले एवढे? तर ती हकिकत अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा कारखानदार आणि १८२०च्या दशकापासून बर्टनचे कारखानदार हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबांसाठी जादा हॉप्सची फिकट बियर जहाजांनी पाठवू लागले. चारसहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त. कडू बियर त्यात टिकून राही. तिला पुढे इंडिया पेल एल असे नाव पडले. ही बियर हिंदुस्थानासाठीच शोधून काढली ही दंतकथा. जादा हॉप्सची बियर विलायतेत आधीही होत असे. आणि गोरा शिपाई बहुधा काळी पोर्टर पीत असे, फिकट बियर वरच्या लोकांची. आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांचा पराभव झाला, आणि पुढे जालन्यास इंग्रजांची छावणी बसली, हे आपण जाणताच. रेल्वे यायच्या आधीच्या काळात त्या छावणीतल्या साहेबाच्या मेजावर ही कडू बाटली बैलगाडीने आली नसेल असे आम्हांस वाटत नाही. गाडी हाकणारा आणि खोकी उतरविणारा आपल्यापैकीच कोणी असेल. त्याने ती चाखली असेल असे मात्र वाटत नाही.

विसाव्या शतकात ही जात जवळजवळ मोडली होती. ती अमेरिकेतल्या लहान कारखानदारांनी १९७०नंतर पुन्हा वर काढली, आणि त्यांच्याकडून ती बेल्जियमला गेली. २००६ साली तिथल्या अशूफ गावच्या कारखान्याने आपल्या यीस्टवर जादा हॉप्स चढवून एक बियर काढली, तिचे अनुकरण पुष्कळांनी केले. पुण्यातला आमचा पेला याच घराण्यातला.

तथापि बेल्जियमची आमच्या मनाला लागलेली गोष्ट निराळीच आहे, आणि ती आम्हांला परत आल्यावर वाचनातून कळली. बेल्जियमची बियर एवढी तीव्र का, याच्या कारणांत एका कामगार पुढाऱ्याचे नाव येते. एमिल व्हांडरव्हेल्डे. कामगार पक्षाचा मोठा नेता, पहिल्या महायुद्धानंतर न्यायमंत्री झाला. खाणीतला आणि गिरणीतला मजूर तिथे येनेव्हर नावाची कडक दारू पिऊन उद्ध्वस्त होत होता. व्हांडरव्हेल्डेने १९१९ साली कायदा आणला: पेयगृहांत कडक दारू विकावयाची नाही, आणि दुकानातून घ्यावयाची तर निदान दोन लिटर घ्यावयाची. म्हणजे मजुराच्या खिशाला ती परवडू नये. हेतू शुद्ध होता. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच केले असते. किंबहुना आपल्या गावात केलेच. परंतु झाले असे की मजुराला कडक काही हवे होते, ते त्याला बियरवाल्यांनी दिले. बियर अधिकाधिक तीव्र होत गेली, असे तिथले अनेक जाणते मानतात. कायदा १९८३च्या अखेरीपर्यंत टिकला. २०१६ साली बेल्जियमच्या बियर संस्कृतीला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. त्या वारशात एका दारूविरोधी कामगार नेत्याचाही वाटा आहे, हे वाचून आम्ही रात्रभर बेचैन होतो.

कारण आपल्याकडे काय घडले ते येथे बसलेल्यांना माहीत आहे. दुकान बंद झाले, पेढे वाटले गेले, आणि सहा महिन्यांत ओढ्याच्या काठी हातभट्टी सुरू झाली. २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती सगळी गरीब वस्तीतली. जोतीराव फुले १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी दारूच्या दुकानांना हरकत घेणारे पत्र लिहिले होते. ती हरकत आजही योग्यच आहे आणि आमचे मत त्याच पेटीत पडेल. पण दुकान बंद करून पाठीवरचे पोते उतरत नाही. आपल्याकडे खपणारी बियर बहुतांश 'स्ट्राँग' असते. आमच्या मिलचा कामगार दुकानात गेला की विचारतो, "कितने परसेंट की है?" चवीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. बारा तास भट्टीपुढे लाल लोखंड चिमट्याने ओढून आलेल्या माणसाला चाळीस मिनिटे कोण देणार?

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जो झगडा दिला त्यातून १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आम्ही प्रचारसभांत सांगत असू की ही सुटी विश्रांतीसाठी. आता त्यात एक शब्द घालतो. ही सुटी चवीसाठीही होती: भाकरीची चव, गाण्याची चव, पोराच्या बोलण्याची चव. लोखंड्यांनी तसे म्हटलेले नाही, हे आमचे पदरचे.

आता पाणी. २०१६ चा उन्हाळा येथे कोणी विसरला नसेल. लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, आणि त्याच जायकवाडीच्या पाण्यावर वाळूजचे बियरचे कारखाने चालत. एक लिटर बियरला धुण्यापुसण्यासकट चार ते सहा लिटर पाणी लागते. नवी यंत्रे असतील तर काही कमी. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलअखेर मद्य कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के कपात केली, १० मेपासून ती ६० टक्के. इतर उद्योगांना त्याहून पुष्कळ कमी. आपण टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या.

दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एका कारखान्यातले कंत्राटी कामगार आले. ठेकेदाराने सांगितले होते, पाळ्या कमी, घरी बसा. त्यांतले काही आपल्याच तालुक्यातले. रोजगारासाठी तिकडे खोली करून राहणारे, आणि त्यांच्या बायका इकडे गावात टँकरच्या रांगेत. सभेत एक बाजू म्हणाली, पाणी तोडा. दुसरी बाजू म्हणाली, मग आम्ही खावे काय? दोन्ही बाजू आमच्याच, आणि काही घरांत तर एकाच घरातल्या. आम्ही एरवी बोलायला न अडणारा माणूस. त्या दिवशी अर्धा तास नुसते ऐकत बसलो. शेवटी ठराव झाला: पाणी आधी माणसांना, आणि बसविलेल्या दिवसांची मजुरी कंत्राटी कामगारांना. ठरावाच्या पहिल्या अर्ध्यासाठी न्यायालय होते. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणी नव्हते. ठेकेदाराने हजेरीपटावरून नावेच काढून टाकली आणि जून उजाडून पाऊस लागला तरी त्यांतल्या कित्येकांना परत बोलावणे आले नाही.

त्यांतच आमचे ते सहकारी होते, पुण्याच्या मुलाचे वडील. अकरा वर्षे बाटल्या भरण्याच्या पट्ट्यावर. गळ्यात तुळशीची माळ, दरसाल पंढरीची वारी. बाटली फुटून काच उडे, ते कपाळावरचे व्रण अजून आहेत. माळ घालून हे काम कसे करता, असे लोक चिडवीत. ते म्हणत, विठोबाला पगारपत्रक दाखवले आहे. आता ते गावी असतात, शेळ्या आहेत.

पुण्याहून निघताना आम्ही मुलाला युनियनवाल्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, या पेल्याची किंमत काय आणि तुझा पगार काय. पेला साडेचारशेचा. आपल्याकडच्या हेल्परची एका दिवसाची मजुरी साधारण त्याच घरात जाते. पगार त्याने सांगितला, तो येथे सांगत नाही. वडिलांपेक्षा पुष्कळ बरा आहे, आणि कामाचे तास मात्र वडिलांइतकेच आहेत. संघटना आहे का म्हणून विचारले तर हसला.

परत आल्यावर आम्ही त्या सहकाऱ्यांकडे गेलो. मुलगा खुशाल आहे, कामात हुशार आहे, असे सांगितले. आणि राहवेना म्हणून पेल्याचेही सांगून टाकले. आम्हांला वाटले, माळकरी माणूस, उठून आत जाईल. ते बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भाऊ, अकरा वर्षे भरली. कशी लागते हो ती?"

आम्ही सांगू लागलो. मोसंबीची साल, केळे, लवंग, मग मेथी. ते डोळे मिटून ऐकत होते, कीर्तनात ऐकतात तसे. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि पोराचे हात कसे आहेत? टाक्या धुवायला कॉस्टिक असते. आमच्याकडे बोटे सोलून निघायची."

आम्ही पेला पाहिला होता, फेस पाहिला होता, घड्याळ पाहिले होते. मुलाचे हात आम्ही पाहिले नव्हते. तसे आम्ही त्यांना सांगितले. पुढच्या महिन्यात पुण्यास पुन्हा बैठक आहे; तेव्हा हातमोजे देतात की नाही ते पाहून येणार आहोत.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. कोणास काही विचारावयाचे असेल तर आम्ही येथे थांबतो. वैद्यमंडळींनी आधी विचारावे. एवढे बोलून आपली रजा घेतो.